वरखालीबाईंचा बास्केटबॉल

वरखालीबाईंचं खरं नाव त्या इमारतीत बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. सात मजल्यांच्या, कचेऱ्यांनी भरलेल्या त्या इमारतीत त्या लिफ्ट चालवायच्या. दार उघडलं की मान वर करून एकच प्रश्न विचारायच्या, "वर की खाली?" म्हणून वरखालीबाई. आधी लोक पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी बाईच फोन उचलून "हं, वरखाली बोलतेय" म्हणू लागल्या, तेव्हा चिडवण्यातली मजा गेली आणि नाव तेवढं उरलं.

नवरा त्याच इमारतीत वायरमन होता. तो ध्यानीमनी नसताना गेला तेव्हा मुलगी जेमतेम बोलायला लागली होती. कुठं तरी सोय लावायची म्हणून मालकांनी बाईंना लिफ्टमधलं स्टूल देऊ केलं. बाईंनी ते घेतलं, आणि उभं आयुष्य बसून काढून त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. मुलीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. सकाळी जे बसायचं ते संध्याकाळीच उठायचं. डबासुद्धा मांडीवर. गुडघे हळूहळू आखडत गेले. कुणी विचारलं तर म्हणत, "माझे गुडघे सरकारी आहेत. वरून हुकूम आला तरी लगेच हलत नाहीत."

मग नवी लिफ्ट आली. बटण दाबलं की आपली आपण जाणारी, वर मजल्याचा आकडाही गोड आवाजात सांगणारी. मॅनेजर तसा भला माणूस. त्यानं बाईंना आत बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाला, "बाई, आता तुम्हाला बसायचीसुद्धा गरज नाही." बिचाऱ्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, तोंडातून निघालं ते हे. बाई हसल्या. निघताना त्यांनी फक्त ते स्टूल मागून घेतलं. घरात ठेवायला जागा नव्हती म्हणून मुलीच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. तिथली वरची फळी उंच होती.

त्यानंतर वर्षभरात मुलीला दिवस गेले, आणि सहावा महिना सरताना काहीतरी बिनसलं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "बाळ येईपर्यंत पलंग सोडायचा नाही. पाय जमिनीला लागेल तो फक्त बाथरूमपुरता." वरखालीबाईंनी त्याच दिवशी पिशवी भरली आणि मुलीचं घर गाठलं. दोन दिवसांनी दाराची बेल वाजली. दारात विहीणबाई. त्यांच्या हातात बाईंच्यापेक्षा मोठी बॅग.

जावयानं दोघींना बोलावलं होतं आणि एकीला दुसरीबद्दल सांगायचं धाडस त्याला झालं नव्हतं. तो बॅग आत ठेवायच्या निमित्तानं जो आतल्या खोलीत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

विहीणबाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या पीटीच्या बाई. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, पण ती बातमी त्यांच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचली नव्हती. ताडमाड उंच, खुर्चीत बसल्या तरी पाठ टेकायच्या नाहीत. शाळेचा बास्केटबॉलचा संघ त्यांनीच उभा केला होता. मीठ मागितलं तरी समोरच्याला वाटावं आपण रांगेत वाकडे उभे आहोत. मुलगा त्यांचा स्वभावानं लोण्याचा. सगळा कडकपणा आईनं वापरून संपवल्यावर त्याच्या वाट्याला उरणार काय?

आता घरात दोन आया झाल्या. सून "आई" म्हणून हाक मारी आणि दोघी धावत. शेवटी तिनं तोडगा काढला, आपली ती "अगं आई" आणि सासू ती "अहो आई". नवऱ्यासाठी हेच उलटं. काही दिवस घरात कोण कुणाला बोलावतंय याचा पत्ता लागत नव्हता.

उजेड यावा म्हणून मुलीचा पलंग बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ आणला होता. समोर भिंतीवर टीव्ही. मुलगी पडलेली, आणि दोन्ही बाजूंना दोन आया बसलेल्या. एकीनं दुधाचा पेला पुढे केला की दुसरीनं फळं कापलीच. एकीनं उशी सरळ केली की दुसरीला ती वाकडी दिसे. बोलणं सगळं गोड, "असू द्या हो विहीणबाई, मी आहे ना", "तुम्ही बसा हो, तुमचे गुडघे", पण त्या गोडीनं मुलीचे दात आंबायला लागले. एका दुपारी तिनं हात जोडले.

"दोघींच्या पाया पडते. माझ्याकडे असं बघत बसू नका. मी काय गॅसवर ठेवलेलं दूध आहे? ते कपाटात ह्यांचं खेळायचं यंत्र आहे, ते काढा आणि खेळा काहीतरी."

ते यंत्र जावयाचं. टीव्हीला जोडायचं आणि हातात एक पांढरी कांडी धरायची. कांडीची दोरी मनगटाला अडकवायची, नाहीतर जोरात हात फिरवला की कांडी टीव्हीत. कांडी हलवली की पडद्यावरची बाहुली हलते. त्यात बरेच खेळ होते, पण यादीत बास्केटबॉल दिसला आणि पीटीबाईंचे डोळे चमकले.

"चला विहीणबाई. अगदीच सोपं आहे. मी हळू खेळेन."

पडद्यावर दोन बाहुल्या आल्या. पीटीबाईंची उंच, आणि मुलीनं आईसाठी केलेली बुटकी, अंबाडा घातलेली. कांडी वरखाली हलवली की बॉलचे टप्पे पडत. बटण दाबून बॉल पकडायचा, हात डोक्यावर न्यायचा आणि शेवटी मनगट दुमडून बॉल सोडायचा. अंगात असेल तर उडीही मारायची. पीटीबाईंच्या अंगात होतीच. साडीचा पदर खोचून त्यांनी अशी काही उडी मारली की कपाटातल्या कपबश्या वाजल्या आणि पडद्यावर बॉल जाळीतून सळकन खाली आला.

वरखालीबाईंच्या बाहुलीनं बॉल हातात घेतला आणि तो स्वतःच्याच पायावर आपटला. मग प्रेक्षकांत फेकला. एकदा तर बाहुली पाठमोरी झाली आणि तशीच उभी राहिली. एकवीस विरुद्ध दोन. ते दोनही कसे झाले ते बाईंना कळलं नव्हतं. त्या पदरानं घाम पुसत होत्या आणि बॉल आपला आत गेला.

"छान! पहिल्यांदाच ना!" पीटीबाई म्हणाल्या. शाळेत शेवटच्या आलेल्या मुलीला म्हणतात तसं.

हरल्याचं बाईंना काही वाटलं नाही. वाटलं ते संध्याकाळी. त्या गॅलरीत कपडे काढायला गेल्या, तर आतल्या खोलीच्या खिडकीतून पीटीबाईंचा आवाज आला. फोनवर बहिणीशी बोलत होत्या. त्यांना हळू बोलता येत नसे, मैदानाची सवय. "अगं, स्वभावानं चांगल्या आहेत. पण जन्मभर बसून बसून शरीराचं लाकूड झालंय बिचारीचं. त्यांना आता काही शिकवणं म्हणजे..." पुढचं बाईंनी ऐकलं नाही. हातातल्या टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"लाकूड" ठीक होतं. "बिचारी" लागलं.

दुसऱ्या दिवसापासून पीटीबाई सकाळी फिरायला गेल्या की वरखालीबाई कांडी काढू लागल्या. मुलगी उशीवरून बघे आणि सांगे, "अगं आई, बटण आधी सोड... उशीर झाला... आता लवकर झालं." बाईंचा हात चुकत नव्हता, चुकत होते ते पाय. हात वर नेला की तोल जाई, तोल सावरताना हात थरथरे, आणि कांडीला तेवढं पुरे. बॉल फळीवरून पलीकडे. चौथ्या दिवशी गुडघा फारच ठणकायला लागला म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं आणि बसून पाहिलं.

बसल्या मात्र, बॉल आत. परत टाकला, परत आत. त्या स्टुलावर बसून लिफ्टचा दांडा फिरवताना त्यांचा हात इतकी वर्षं ठरल्या जागी थांबायला शिकला होता. कांडीला कुठं माहीत, धरणारी उभी आहे का बसलेली?

"आई!" मुलगी पलंगावरच टाळ्या वाजवायला लागली. "अहो आईंची आता खैर नाही."

त्या दुपारी वरखालीबाई स्टूल घेऊन मैदानात उतरल्या आणि पीटीबाईंना हरवलं. चांगलं दणकून. पीटीबाई उड्या मारत होत्या, धापा टाकत होत्या, आणि इकडे बाई बसल्या जागी एकामागून एक बॉल टाकत होत्या, वाटाणे सोलावेत तशा.

खेळ संपला. पीटीबाईंनी कांडी टेबलावर ठेवली.

"हे धरायचं नाही."

"का हो?"

"बसून बास्केटबॉल? विहीणबाई, खेळ म्हणजे काही पत्ते आहेत का? असं बसून काय, झोपूनही कुणी जिंकेल."

"मग मी खेळू?" पलंगावरून आवाज आला. कुणी हसलं नाही.

"जिंकले ते जिंकले," वरखालीबाई म्हणाल्या. "आकडा टीव्हीनं लावलाय, मी नाही."

"आकडा टीव्हीचा. खेळ तुमचा नाही," पीटीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

जेवणं मुक्यानं झाली. जावई दोन्हीकडचं वाढलेलं निमूटपणे खात होता. ताटात काय आहे हेही त्याला कळत नसावं. वरखालीबाईंना वाटलं होतं, जिंकल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही. राग येत होता, आणि रागाच्या तळाशी जाऊन पाहिलं तर तिथं पीटीबाईंचं म्हणणं पटलेलं सापडत होतं. हे जास्तच वाईट. ज्या माणसावर चिडायचं त्याचंच बरोबर असावं, याच्यासारखी पंचाईत नाही.

सकाळी पीटीबाई फिरायला जायला बूट घालत होत्या. वरखालीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"विहीणबाई, मला उभं राहायला शिकवा."

पीटीबाईंनी मान वर केली. त्यांना वाटलं टोमणा आहे.

"खरंच म्हणतेय. मला तुम्हाला हरवायचंय. उभ्यानं. आणि ते शिकवणारं या घरात तुमच्याशिवाय कुणी नाही."

पीटीबाईंनी बुटाची नाडी बांधली, सोडली आणि परत बांधली. निवृत्त झाल्यापासून "मला शिकवा" असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. मुलगा त्यांचं ऐकायचा तो वाद नको म्हणून. मैदानावर शाळेनं आता गाड्या लावायला सुरुवात केली होती; एका कोपऱ्यात बास्केटबॉलचा एक खांब तेवढा उरला होता. हे त्या कुणाला सांगत नसत. त्या उठल्या.

"मी दयामाया करत नाही," त्या म्हणाल्या.

"मी मागितली का?"

"मग चप्पल काढा. पाय बघू."

आणि शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस कांडीला हात लावायलाही बंदी होती. भिंतीला पाठ लावून थोडं खाली घसरायचं आणि तसंच थांबायचं. टाचा उचलायच्या, सावकाश टेकवायच्या. "पायाच्या बोटांनी जमीन धरा. धरा म्हणजे धरा, कुरवाळू नका." भांडी घासताना एका पायावर, मग दुसऱ्या. दूध तापत ठेवलं की ते वर येईपर्यंत टाचांवर-चवड्यांवर. त्यापायी दोनदा दूध उतू गेलं, कारण बाई पायांकडे बघत होत्या. पीटीबाई शिट्टी वाजवू शकत नव्हत्या, मुलीला झोप लागलेली असे. म्हणून त्या चुटक्या वाजवत, आणि त्या चुटकीतसुद्धा शिट्टी ऐकू येई.

"गुडघा ताठ करू नका. सैल सोडा."

"सैल सोडला तर मी पडेन."

"पडलात तर मी धरेन. सोडा."

बाईंनी सोडला. पडल्या नाहीत. पीटीबाईंचा हात मात्र त्यांच्या कोपराखाली कधीचा येऊन थांबला होता.

मग खेळ परत सुरू झाला, आणि बाई परत हरायला लागल्या. रोज. पीटीबाईंनी सांगितल्याप्रमाणे खरोखरच दयामाया केली नाही. शिकवताना चूक समजावून सांगत, आणि खेळताना नेमक्या त्याच चुकीवर बॉल हिसकावून घेत. मुलगी कधी कधी चिडे, "अहो आई, एक तरी टाकू द्या की तिला!" त्यावर दोघी एकदमच म्हणत, "तू मध्ये पडू नकोस."

मध्येच एकदा दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावर एक घड्याळजी राहत, घरीच टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करत. ते वर आले होते, भिंग अजून कपाळावरच चढवलेलं.

"ताई, तुमच्याकडे काय चाललंय? माझ्या टेबलावर स्क्रू नाचतायत. आत्ताच एक चाक उडालं, ते कुठं गेलं देवाला ठाऊक. दोन तास शोधतोय."

पीटीबाई पुढे झाल्या. "बास्केटबॉल."

घड्याळजींनी खोलीकडे पाहिलं. पलंग, औषधांचं टेबल, वाळत घातलेले टॉवेल. "इथं?"

त्यांना दाखवावं लागलं. त्यांनी चहा घेतला, एक डाव पाहिला, आणि जाताना ठरवून गेले की दुपारी त्यांची जेवणाची सुट्टी असते तेवढ्यातच उड्या मारायच्या. दुसऱ्या दिवशी त्या सुट्टीत ते स्वतःच वर आले. "नाहीतरी खाली छत हादरतंच. म्हटलं इथंच बसावं." बसायला जागा नव्हती, तेव्हा त्यांना स्टूल दिलं. मग ते रोज येऊ लागले.

महिनाभरानं वरखालीबाईंचा उजवा गुडघा सुजला. सकाळी पाय टेकवेना. त्यांनी ते लपवलं, पण पलंगावर पडलेल्या माणसाला सगळ्यांचे पायच दिसत असतात. मुलीनं बरोबर ओळखलं.

"अगं आई, आता बास. कुणाला दाखवायचंय तुला? मला? मला काही दाखवायची गरज नाही तुझी."

"तुला नाही गं."

"मग? अहो आईंना? त्यांनी काय म्हटलं नि तू काय मनावर घेतलंस..."

बाई पलंगाच्या कडेला टेकल्या. मुलीच्या पायांवरची चादर सारखी करत राहिल्या.

"त्या लिफ्टमध्ये सगळे उभे असायचे. मी एकटी बसलेली. लोक भांडायचे, लग्न ठरवायचे, साहेबाला शिव्या द्यायचे, सगळं माझ्या डोक्यावरून. म्हणजे खरंच डोक्यावरून. वाईट नाही हं वागवलं कुणी. दिवसभर नमस्कार असायचा. पण एकदा एका पोरीनं हातातली छत्री माझ्या डोक्यावर टेकवली. भिंत समजून. 'अय्या, सॉरी' म्हणाली लगेच." त्या थोडं हसल्या. "आता मला सांग, मी काय करू? मला एकदा कुणाच्या तरी समोर उभं राहायचंय आणि त्याला हरवायचंय. विहीणबाई हातात सापडल्या, इतकंच."

मुलीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा तापला होता.

पीटीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. पुढे आल्या, फडक्यात गुंडाळलेला बर्फ बाईंच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "सूज उतरेपर्यंत सुट्टी. हा माझा हुकूम आहे, तुमचं मत विचारलेलं नाही." मग जरा थांबून, "आणि ते फोनवरचं... मी माझ्या बहिणीशी बोलत होते एकदा. तुम्ही गॅलरीत होता. टॉवेल तसेच दोरीवर राहिले होते, तेव्हा मला कळलं."

"असू द्या."

"नाही. चुकलं ते. लाकूड असतं तर सुजलं नसतं."

त्यांच्या दृष्टीनं ही क्षमायाचना झाली होती. वरखालीबाईंनाही ती पोचली. दोघींनी मिळून बर्फ बदलला.

सूज उतरली. डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, चालतं ठेवा पण उडी नको. म्हणजे उडी कायमची गेली. वरखालीबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पीटीबाईंना विचारलं, "उडीशिवाय जमेल?" पीटीबाईंनी विचार केला. "तुम्ही उडी न मारता, मी उडी घेण्याच्या आधी बॉल टाकायचा. माझा पाय जमिनीवर असतानाच. तेवढा एकच क्षण मिळेल."

"तुमचा गुरुमंत्र तुमच्यावरच?"

"दुसऱ्या कुणावर चालवणार? इथं आहे कोण?"

आठवा महिना संपत आला होता. एके दिवशी दुपारी घड्याळजी स्टुलावर, मुलगी उशांना टेकून थोडी उंच, आणि दोघी विहिणी टीव्हीसमोर. अनवाणी. वरखालीबाईंनी पाय जरासे लांब ठेवले, बोटांनी फरशी धरली. त्या दिवशी पहिल्यापासूनच काहीतरी वेगळं होतं. पीटीबाईंनी झेप घ्यायला गुडघे वाकवले की तेवढ्या वेळात बाईंचा हात वर जाऊन मनगट दुमडलेलं असे. बॉल आत. पीटीबाईंनी हे ओळखलं आणि झेप घेणं सोडून त्याही जमिनीवरूनच खेळायला लागल्या. मग बरोबरी. मग पीटीबाई पुढे. मग परत बरोबरी. घड्याळजी "अहो, अहो" एवढंच म्हणत होते. बाईंच्या मांड्या थरथरायला लागल्या होत्या, पाठीतून घाम ओघळत होता. शेवटी शेवटी त्यांना एकदा वाटलं, आता पाय गेले. त्यांनी खाली पाहिलं नाही.

"बस जरा, आई!" मुलगी ओरडली.

"नाही बसायचं," हे पीटीबाई म्हणाल्या. पडद्यावरची नजर न काढता, धापा टाकत. "बसायचं नाही हं विहीणबाई. गुडघा सैल."

बाईंनी गुडघा सैल केला. टप्पा, टप्पा, बटण. पीटीबाईंचा हात अडवायला वर आला, पण केसभर उशिरा. बॉल कड्यावर बसला, एक गोल फिरला आणि आत पडला. पडद्यावरचं घड्याळ संपलं. अंबाडा घातलेली बुटकी बाहुली दोन्ही हात वर करून नाचायला लागली.

घड्याळजींनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण पाहुणे आहोत हे आठवून थांबले. मुलगी रडत होती. पण ती त्या दिवसांत साबणाची जाहिरात पाहूनही रडायची.

पीटीबाई वाकून, हात मांड्यांवर ठेवून श्वास घेत होत्या. मग सरळ झाल्या. त्यांनी मनगटाची दोरी सोडली नाही.

"परत," त्या म्हणाल्या.

परतचा डाव पीटीबाईंनी जिंकला, त्याच्या पुढचाही. पण पहिला डाव उभ्यानं जिंकलेला होता आणि तो कुणी पुसू शकत नव्हतं. त्या रात्री जावयाला दारातच सांगण्यात आलं. त्यानं आधी एका आईचं अभिनंदन करावं की दुसरीचं सांत्वन, हे त्याला ठरवता येईना, शेवटी तो दोघींना मिळून एकच "वा!" म्हणाला.

बाळ थोडं लवकर आलं, पण ठणठणीत. मुलगी झाली. आवाज पहिल्या दिवसापासून मैदानातला, यावर दोन्हीकडचं एकमत झालं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, यंत्र परत खोक्यात घालून कपाटावर गेलं. दोन महिन्यांनी पीटीबाई आपल्या घरी गेल्या, नंतर वरखालीबाई आपल्या. घरी त्या सकाळी टाचा उचलायच्या, दुपारी भिंतीला टेकायच्या. शेजारीण म्हणाली, "आता कुणाला हरवायचंय?" बाई म्हणाल्या, "कुणाला नाही. पायाखालची जमीन सुटली तर परत धरता येणार नाही."

मग एका शनिवारी पीटीबाईंचा फोन आला. "उद्या सकाळी मोकळ्या आहात? बूट घालून या. चप्पल चालणार नाही."

शाळेच्या त्या मैदानात रविवारी गाड्या नसत. कोपऱ्यात तो एकुलता एक खांब, वर गंजकं कडं, जाळी नाही. खाली पाच-सहा बायका उभ्या होत्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. कुणी शिवणकाम करणारी, कुणी दवाखान्यात रिसेप्शनवर बसणारी, कुणी बँकेतून नुकतीच निवृत्त झालेली. पीटीबाईंच्या गळ्यात शिट्टी होती.

"ह्या माझ्या विहीणबाई," त्यांनी ओळख करून दिली. "ह्यांनी मला हरवलंय."

आणि त्यांनी बाईंच्या हातात बॉल दिला.

बॉल जड होता. वरखालीबाईंनी तो पहिल्यांदाच हातात धरला होता. इतके दिवस बॉलला वजन असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. पृष्ठभाग खरखरीत, धूळ लागलेला. त्यांनी टप्पा पाडून पाहिला, तर तो परत हातात यायच्या ऐवजी भलतीकडेच गेला आणि शिवणकामवाल्या बाईंनी तो पायानं अडवला. परत आणला. कडं केवढं उंच होतं. टीव्हीत ते डोळ्यांसमोर असायचं.

पाय लांब ठेवले. बुटांतून जमीन धरता येईना, तरी धरली. हात वर, मनगट. बॉल निम्म्या वाटेतच दमला आणि खांबाच्या पायथ्याशी पडला.

बायका "अरेरे" म्हणाल्या. पीटीबाई शिट्टी तोंडात धरून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

वरखालीबाई बॉल आणायला निघाल्या होत्या. उजवा पाय थोडा ओढत, पण भरभर.